केशरबाईने अडवलेला रस्ता

केशरबाई सायकल शिकली ती तिची लेक गेल्यावर. तोवर सायकलीला तिचा हात लागला असेल तो फडक्यानं पुसण्यापुरता. वय पन्नाशीला टेकलेलं, गुडघे ऊसतोडीनं कामातून गेलेले. तरी एका सकाळी तिनं लेकीला, आरतीला, शाळेतून मिळालेली सायकल भिंतीपासून ओढून काढली, पदर कमरेला खोचला आणि शेजारच्या सविताला हाक मारली, "सविते, ये गं हिकडं. मला मागनं धर. मला ही चालवायचीय."

सविताला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तसं वाटण्यासारखंच ते वर्ष होतं.

खडकवस्ती मिरजगावच्या अलीकडं, सीनेच्या कॅनॉलला लागून. कोरडवाहू रानं, ज्वारी, थोडा कांदा. दिवाळी झाली की वस्तीवरची निम्मी घरं कुलूप लावून कारखान्यांच्या वाटेला लागत. केशरबाई आणि तिचा नवरा बिभीषण दरसाल सांगलीकडं जायचे. आरती थोरल्या जावेकडं राहून शिकायची. शाळा मिरजगावात. तिथं जायला वाटा दोन. गावातून फिरून हायवेनं जायचं, नाहीतर कॅनॉलच्या भरावावरून सरळ. भरावावर पाटबंधारे खात्याची जीप कधीमधी यायची, बाकी शेळ्या आणि सायकली. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला उतरत गेलेली रानं, मधे बाभळी. ना हॉर्न, ना धूर. आठवीत सायकल मिळाली तशी आरती त्या रस्त्यावर अशी सुटायला लागली की बाकीच्या पोरी मागं पडायच्या. शाळेतल्या खेळाच्या सरांनी ते पाहिलं. त्यांनी कुठून तरी बारीक टायरची जुनी शर्यतीची सायकल मिळवून दिली आणि पोरगी तालुक्याला पहिली आली, मग जिल्ह्याला.

केशरबाईनं लेकीला सायकल पळवताना डोळे भरून पाहिलं ते एका उन्हाळ्यात. पाणी सुटलं होतं, कॅनॉल तुडुंब. आरती वाळलेली फांदी पाण्यात टाकायची आणि तिच्याशी शर्यत लावायची. फांदी कितीतरी मागं पडली की थांबून, एक पाय जमिनीला टेकून आईकडं वळून बघायची. केशरबाई धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन उभी होती. "लई वाऱ्यावर सुटू नको," ती ओरडली. मनातून मात्र तिला वाटलं होतं, सुटू दे. आपल्या सात पिढ्यांत कोणी असं सुटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात कॅनॉलची दुरुस्ती निघाली. ठेकेदाराचे हायवा ट्रक मुरूम घेऊन भरावावरून दिवसभर धावू लागले. सायकल चालवायची सोय राहिली नाही आणि आरतीची तर राज्याची निवड तोंडावर आलेली. तिनं फोन केला तेव्हा केशरबाई फडात मोळ्या बांधत होती.

"आई, कॅनॉलवर निस्ता फुफाटा झालाय. मी हायवेनं जाते सरावाला. कडंकडंनं."

"जा, पर जपून," केशरबाई म्हणाली आणि फोन कमरेला खोचून पुढची मोळी ओढली.

ऊस भरलेला ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्यांचा. मागची ट्रॉली वळणावर फाकली आणि कडेनं जाणारी पोर तिच्याखाली आली. फडात मुकादम पळत आला तेव्हा केशरबाईच्या डोक्यावर मोळी होती. तसल्याच ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून ती वर चढत होती. मुकादम खालून नुसता हात हलवत राहिला.

त्या सालापासून ती दोघं तोडीला जायची थांबली. केशरबाई दिवस दिवस कॅनॉलच्या कडेला बसून राहायची. दुरुस्ती उरकली, रस्ता मुरूम टाकून रुंद झाला, आणि झालं काय, हायवा तिथून हललेच नाहीत. सीनेच्या पात्रातली वाळू भरायला त्यांना ती चांगली आडवाट सापडली. वस्तीवरच्या पोरी मात्र शाळेला त्याच रस्त्यानं जात होत्या.

एका सकाळी एक हायवा आला आणि संस्कृती नावाची सातवीतली पोर त्याला वाट द्यायला पाण्याच्या अंगाला सरकली. मुरूम निसटला. सायकल गेली पाण्यात आणि पोर उतारावरच्या बेशरमीच्या झुडपाला धरून लोंबकळली. केशरबाईनं पोटावर पडून तिचं मनगट धरलं आणि वर ओढली. हायवा थांबलासुद्धा नाही. केशरबाई रडली नाही की ओरडली नाही. तशाच मातीनं भरलेल्या लुगड्यानिशी ती एस्टीत बसली आणि कॅनॉलच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली.

"बाई, जड वाहनांना बंदी आमचीच आहे," साहेब म्हणाले. "बोर्ड लावलाय की आम्ही."

"बोर्ड हायवाला वाचता येत न्हाई, साहेब. मी दांडा लावते. तुमी फकस्त न्हाई म्हनू नका."

साहेब नाही म्हणाले नाहीत.

हायवेच्या पुलाकडून आत आलं की एका जागी डाव्या हाताला नाला आणि उजव्या हाताला कॅनॉल येतो. तिथं बगल द्यायला जागाच नाही. भरावावरून पूल समोर दिसतो, पण चालत जायचं म्हटलं तर घामटा निघतो. त्या जागी बिभीषणानं खड्डे घेतले, सिमेंटात दोन खांब उभे केले आणि जाड लोखंडी पाइप आडवा घातला. कडेला सायकल निघेल एवढी फट ठेवली, मोटारसायकल अडेल असे दगड रोवले. पाइपाला दणकट कुलूप. चावी केशरबाईनं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

मग तिच्या मनानं घेतलं की पोरींच्या मागं आपण असायला पाहिजे. त्यासाठी सायकल यायला पाहिजे.

सविता म्हणजे रामहरीची बायको, पंचविशीची. लेक पंकजा अजून अंगणवाडीत जायची. सविताचं घर केशरबाईच्या घराच्या पुढं, पाइपाकडं जायच्या वाटेवर. ती दररोज सकाळी यायची, कॅरेज धरून केशरबाईच्या मागं पळायची. "म्होरं बघा काकू, पायाकडं नका बघू! पायंडल आपोआप सापडतं!" एकदा दोघीही सायकलीसकट बांधावरून खाली हरभऱ्यात गेल्या. सविता खाली, केशरबाई वर, आणि वर सायकलीचं चाक गरगर फिरतंय. सविता आधी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला आणि तिच्या पाठीत थापट्या मारताना केशरबाईला कळलं की आपणही हसतोय. आरती गेल्यापासून पहिल्यांदाच. ती एकदम गप्प झाली. सवितानं ते ओळखलं. तिनं काकूंच्या केसांतली हरभऱ्याची पानं काढली.

पुढची दोन वर्षं केशरबाईच्या आयुष्यातली बरी म्हणावी अशी गेली. सकाळी पोरी वस्तीवर जमायच्या, शाळेआधी कॅनॉलवर वर-खाली फेऱ्या मारायच्या, आणि सगळ्यांच्या मागं खोचलेल्या पदराची केशरबाई. पाणी असलं की त्याची चुळचुळ आणि टायरांखाली मुरूम चिरडल्याचा आवाज, बाकी शांत. खंड्या काठावरून सूर मारायचा. समोरून येऊन येऊन येणार काय, तर शेळी. पोरी दप्तराचं ओझं विसरून हात सोडून सायकल चालवायच्या आणि केशरबाई मागून शिव्या घालायची. संस्कृती त्यांत तेज निघाली. ती पुढं पळताना पाठमोरी दिसली की केशरबाईला पायंडल जड व्हायचं. मग ती मान खाली घालून जोर काढायची.

गावात कुरकुर होतीच. कॅनॉलकडेच्या रानांत ट्रॅक्टर न्यायचा तर सगळा वळसा पडायचा. कोणाला हवं असलं की केशरबाईला बोलवा, ती येईल, कुलूप काढील, गाडी जाईपर्यंत उभी राहील. रामहरीचं रान कॅनॉललाच लागून, त्याचं तर रोजचं येणं-जाणं, त्याला हा जाच सगळ्यात जास्त. "पोरगी हायवेला मेली आन् रस्ता आमचा बंद," असं तो एकदा पारावर बोलून गेला. ते केशरबाईच्या कानावर आलं. तिनं त्याचं नाव मनात धरून ठेवलं.

सुरुवातीला परगावी जाताना ती चावी घरात ठेवून जात असे. पण एकदा भाच्याच्या लग्नाला गेली आणि परत येऊन बघते तर भराव चाकांनी उकरलेला. कोणी पाव्हणा वाळू न्यायला आला होता आणि बिभीषणाला त्याची भीड मोडवली नव्हती. ती नवऱ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. त्यानंतर चावी तिनं कोणाच्याच हातात दिली नाही.

सवितानं एकदा विषय काढला होता. दोघी धुणं धूत होत्या.

"काकू, दुसरी एक चावी करून माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझं घर मधी पडतं. कदी अडीनडीला लागली तर."

"तुज्याकडं दिली म्हंजी रामहरीकडंच दिली."

सविता थोडा वेळ कापड घासत राहिली. "ते बी खरं हाय," ती म्हणाली. मनाला लावून घेतल्याचं तिनं दाखवलं नाही.

एका दिवशी नगरला सायकल शर्यती होत्या. केशरबाई पोरींना घेऊन भल्या सकाळी टेम्पोनं गेली होती. इकडं दुपारी सविता म्हशीला वैरण काढायला कडब्याच्या गंजीपाशी गेली. पेंढी ओढली आणि हाताला काहीतरी चटका बसला. पेंढीमागून नाग सळसळत गेला तो तिनं स्वतः पाहिला. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, तेव्हा ती चांगली शुद्धीवर होती. पंकजाला शेजारणीकडं देऊन, चप्पल घालून ती शेजारच्या पिकअपमध्ये बसली.

रामहरीनं गाडी कॅनॉलवर घातली. मिरजगावचा दवाखाना त्या वाटेनं जवळ. घाईत त्याला पाइपाचा विसर पडला असेल, किंवा फोन केला की केशरबाई येऊन उघडील असं वाटलं असेल. पाइपापाशी गाडी थांबली आणि तो फोन लावत सुटला. नगरच्या मैदानावर भोंगे चालू होते, पोरी ओरडत होत्या. संस्कृती शेवटच्या फेरीत पुढं निघाली होती. केशरबाईचा फोन पिशवीत होता. कधीतरी तिचा हात पिशवीत गेला.

"काकू, चावी कुठंय?"

"माझ्यापाशी. का रं?"

"सविताला पान लागलं."

केशरबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती मैदानाच्या मधोमध उभी राहून ओरडली, "फोड कुलूप! रामहरी, फोड ते! दगड घाल!"

तो दगडच घालत होता. कुलूप चेपलं, तुटलं नाही. पिकअप मागं वळवायला भरावावर जागा नव्हती, आणि उलटी न्यायची तर रस्ता लांबचा. सविताच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. "मला दोन दोन दिसायलंय," ती म्हणाली, ते तिचं नीट कळलेलं शेवटचं बोलणं. रामहरीनं तिला पाइपावरून पलीकडं घेतलं आणि पाठीवर टाकून हायवेकडं पळत सुटला. हायवेला एका कारवाल्यानं थांबून दोघांना घेतलं. दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, तोंडात नळी घातली. पण श्वास दारातच थांबला होता.

संध्याकाळी टेम्पो पाइपापाशी आला. संस्कृतीच्या गळ्यात पदक होतं आणि कोणी गाणं म्हणत नव्हतं. वाटेत केशरबाईनं किती फोन केले, कोणी उचलले नाहीत. ती खाली उतरली, दोऱ्यातून चावी काढली आणि कुलपात घालू लागली. चावी आत जाईना. कुलपाचं तोंड ठेचून सपाट झालं होतं. खाली दगड पडले होते, काही फुटलेले. एकावर रक्त होतं. ते रामहरीच्या हाताचं होतं हे तिला नंतर कळलं. ती चावी घेऊन नुसती तिथं उभी राहिली. शेवटी पोरींनी तिचा हात धरून तिला फटीतून पलीकडं नेलं.

रामहरीच्या अंगणात माणसं बसली होती. तिला पाहून बायका बाजूला सरकल्या. रामहरीच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

"काकू," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मी तुमाला शिव्या द्यायचो, तवा ती माझ्याशी भांडायची. काकूंचं चुकत न्हाई म्हनायची. आज बी गाडीत म्हनली, काकू उचलतील फोन, तुमी लावा."

केशरबाई उंबऱ्याकडं एक पाऊल सरकली.

"जा आता तुमी," रामहरी म्हणाला. "पंकी झोपलीय. उठंल."

दुसऱ्या दिवशी सविताचं सगळं उरकल्यावर केशरबाईनं लोखंड कापायची करवत मागून आणली. बिभीषण मदतीला आला तर तिनं त्याला हातानं मागं सारलं. पाइप जाड होता. दुपार कलेपर्यंत ती एकटी घाशीत होती. तळव्यांची सालटं निघाली. पाइपाचा तुकडा पडला तो तिनं ढकलत नेऊन नाल्यात सोडला.

गावातल्या म्हाताऱ्यांनी समजूत घातली, सापाचं काय हातात असतं, नागाला उतारा नाही. त्यानं तिचं समाधान झालं नाही. ती मिरजगावच्या दवाखान्यात गेली, त्या डॉक्टरांना गाठलं.

"सायेब, कुलूप उघडं असतं आन् गाडी सरळ आली असती, तर वाचली असती का?"

डॉक्टर तरुण होते. "मावशी, ते सांगता येत नाही."

"व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना. मला कायबी चालंल."

"खरंच सांगता येत नाही."

ती एस्टीची वाट न बघता चालत घरी आली.

पाइप गेल्याचं कळायला हायवावाल्यांना फार दिवस लागले नाहीत. पोरींच्या फेऱ्या बंद झाल्या. दोघींची शाळाच सुटली. संस्कृतीला तिच्या बापानं नगरला मामाकडं धाडलं. तिथल्या रस्त्यांवर सायकल कुठं चालवणार, तिची सायकल पोटमाळ्यावर गेली. दिवाळीनंतर केशरबाई आणि बिभीषण पुन्हा तोडीला गेले. आरतीची बातमी जिथं कळली होती त्याच भागात टोळी पडली. केशरबाई मान खाली घालून ऊस तोडायची, पाचटाच्या कोपीत यायची, भाकरी थापायची. टोळीतल्या बायका म्हणायच्या, हिच्याशी बोलावं तर भिंतीशी बोलल्यासारखं होतं.

उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा गावात वेगळीच बोंब होती. भरलेल्या हायवानं कॅनॉलची कड ढासळली होती आणि पाणी फुटून ज्यांच्या ज्यांच्या रानात शिरलं, ते सगळे पाइपावर चिडलेले शेतकरी होते. आता त्यांनाच दांडा हवा झाला. ग्रामसभेत विषय निघाला. केशरबाई बायकांच्या मागच्या रांगेत बसली होती. सरपंचांनी तिला विचारलं.

"मला इचारू नका," ती म्हणाली. "रामहरीला इचारा."

सगळी सभा रामहरीकडं वळली. तो खांबाला टेकून उभा होता.

"दांडा लावा," तो म्हणाला. "कुलूप लावू नका. तिथं मानूस बसवा."

"माणूस कोण बसणार दिवसभर उन्हातान्हाचं?" कोणीतरी म्हणालं. सभेत कुजबुज झाली आणि विरली.

"मी बसते," केशरबाई म्हणाली.

रामहरीनं तिच्याकडं पाहिलं नाही. पण नको असंही तो म्हणाला नाही.

आता तिथं एका टोकाला दगड बांधलेला दांडा आहे. हातानं दाबला की दुसरं टोक वर जातं. बाभळीखाली एक फाटकी ताडपत्री, पाण्याची कळशी आणि केशरबाई. आजारी माणसाची गाडी दिसली की ती लांबूनच दांडा वर करून उभी राहते. हायवा आला तर दांड्यापुढं उभी राहते. एका ड्रायव्हरनं गाडी इतकी पुढं आणली की बंपर तिच्या गुडघ्याला टेकला. तो वरून घाण घाण शिव्या देत होता. ती हलली नाही. शेवटी त्यालाच मागं जावं लागलं. बिभीषण म्हणतो, एक दिवस मरशील तिथं. या वर्षी ती दोघं तोडीला गेली नाहीत.

पोरी पुन्हा यायला लागल्यात, पहिल्यापेक्षा कमी. केशरबाई त्यांच्या मागं जात नाही. दांडा सोडून जाता येत नाही, आणि गुडघेही आता साथ देत नाहीत. पोरी परत येईपर्यंत ती कॅनॉलच्या त्या टोकाकडं बघत बसते.

सविताची पंकजा यंदा मिरजगावच्या शाळेत जायला लागली. कॅनॉलची वाट जवळची, दांडा उचलायला केशरबाई बसलेली. पण रामहरी त्या वाटेनं येत नाही. तो मोटारसायकलवर लेकीला पुढं बसवतो, गावातून वळसा घालतो आणि हायवेला लागतो. शाळेच्या वेळेला भरावावरून समोरचा पूल स्वच्छ दिसतो. उसाच्या ट्रॉल्या, कंटेनर, ट्रक, आणि त्यांच्या कडेनं ती गाडी. पंकजाच्या लाल रिबिनी लांबूनही ओळखू येतात. केशरबाईला रामहरीला सांगावंसं वाटतं, बाबा, हिकडनं ने तिला. सांगायचं तोंड तिला नाही. गाडी पुलावर आली की ती ताडपत्रीखालून उठून उभी राहते, आणि ट्रकांच्या गर्दीतून गाडी पलीकडं गेलेली दिसल्याशिवाय खाली बसत नाही.